बंदी असताना खासगी टीव्ही आला कसा?

लातूर असो की परभणी, जुन्या गल्लीतून मान वर करून चाललं की विजेच्या खांबावरून गच्चीवर आणि गच्चीवरून पुन्हा खांबावर गेलेल्या काळ्या वायरी अजून दिसतात. त्यातल्या बऱ्याच आता नुसत्याच लटकतात. मालिका मोबाइलवर आल्या. टीव्हीच्या धंद्यातल्या बातम्या मात्र थांबत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये झी आणि सोनीचं विलीनीकरण फिस्कटलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात स्टार आणि रिलायन्सचा टीव्ही व्यवसाय एक झाला. अशा बातम्या वाचून कॉलेजातली पोरं एक रास्त प्रश्न विचारतात: आधी फक्त सरकारी दूरदर्शन होतं, खासगी टीव्हीला मुभाच नव्हती, मग १९९२ साली झी सुरू कसं झालं? परवानगी कुणी दिली?

कुणीच दिली नाही. केबलचं बिल आजही धड कुणाला का कळत नाही, याचं मूळही तिथेच आहे. जरा सुरुवातीपासून बघू.

मनाई नेमकी कशाला होती?

आपल्याकडे टीव्हीसाठी वेगळा कायदाच नव्हता. होता तो इंग्रजांच्या काळातला, १८८५ चा तार कायदा. त्याच्या चौथ्या कलमानुसार तारयंत्रणा उभारायचा आणि चालवायचा हक्क एकट्या केंद्र सरकारचा. इतरांना चालवायची तर सरकारचा परवाना हवा. पुढे रेडिओ आला, टीव्ही आला, आणि दोन्ही त्याच 'तारे'च्या व्याख्येत बसवले गेले. म्हणून दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला टीव्ही सुरू झाला तो सरकारी, आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेही सरकारी.

मराठवाड्यात टीव्ही खऱ्या अर्थाने पोचला तो १९८२ नंतर, इन्सॅट उपग्रह आणि छोटी प्रक्षेपण केंद्रं आल्यावर. या केंद्राचा आवाका जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. त्यापलीकडच्या गावांत माळवदावर उंच बांबू, बांबूला ॲल्युमिनियमचा अँटेना आणि खाली बूस्टर. वारा सुटला की एक जण वर चढून अँटेना फिरवणार आणि खालून दुसरा ओरडणार, "मुंग्या आल्या, मागं घे!" एवढं करून दिसायचं ते बहुतेक दिल्लीचं.

आता कायद्यातली फट बघा. समजा, गावात भोंगा लावायचा अधिकार फक्त ग्रामपंचायतीला आहे. शेजारच्या गावात सप्ताह बसलाय आणि तिथलं कीर्तन वाऱ्यावर तुमच्या वेशीपर्यंत ऐकू येतंय. भोंगा तुमच्या हद्दीत नाही, तेव्हा ग्रामपंचायत त्याला हात लावू शकत नाही. ऐकणाऱ्यांना दंड करायचा तर अख्ख्या गावाला करावा लागेल. राहिला एकच माणूस: तो वेशीवर माइक लावून ते कीर्तन पकडतो, वायरीने शंभर घरांत सोडतो आणि महिन्याला पैसे गोळा करतो. त्याचं काय करायचं, यावर ग्रामपंचायतीच्या नियमात एक ओळसुद्धा नाही.

शेजारचं गाव म्हणजे हाँगकाँग, आणि माइक लावणारा म्हणजे आपला केबलवाला.

छत्री आग्नेयेकडेच का?

त्या काळच्या केबलवाल्याच्या गच्चीवर दोन मोठ्या छत्र्या, म्हणजे डिश अँटेना, असायच्या आणि दोघींची तोंडं वेगवेगळ्या दिशांना. दूरदर्शनच्या उपग्रहाकडची जवळपास दक्षिणेला. दुसरी आग्नेयेकडे, तीही जरा पूर्वेला झुकलेली.

कारण असं. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवर उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतकाच वेळ लागतो, म्हणून जमिनीवरून तो आकाशात एका जागी खिळल्यासारखा दिसतो. छत्री एकदा लावली की हलवावी लागत नाही. इन्सॅट साधारण आपल्याच रेखांशावर होते, म्हणून ते दक्षिणेला. झीचे कार्यक्रम ज्यावरून यायचे तो एशियासॅट-१ होता १०५.५ अंश पूर्व रेखांशावर. मराठवाड्यातून त्याला पकडायचं तर तोंड आग्नेयेकडे आणि उंची क्षितिजापासून साधारण ५० अंश.

एवढ्या लांबून आलेली लहर फार क्षीण असते, म्हणून आठ, दहा, बारा फुटी जाळीची छत्री लागायची. छत्री ती लहर गोळा करून मधोमध बसवलेल्या एलएनबी नावाच्या डबीत टाकते. डबी तिला मोठी करून वायरीने खाली रिसीव्हरकडे धाडते. पुढे मोड्युलेटर नावाचं यंत्र प्रत्येक वाहिनीला टीव्हीवरचा एकेक क्रमांक देतं आणि सगळं एकाच जाड वायरीत सोडतं. छत्री दोन-तीन अंश जरी हलली तरी अख्ख्या गल्लीत मुंग्या. वादळी पावसानंतर केबलवाला पान्हा घेऊन गच्चीवर दिसायचा तो यासाठी.

दोनदा उडालेला उपग्रह

या उपग्रहाची कहाणी सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो मूळचा अमेरिकन, नाव वेस्टार-६. फेब्रुवारी १९८४ मध्ये 'चॅलेंजर' यानातून सोडला, पण त्याला वर ढकलणारी मोटर बिघडली आणि तो खालच्याच कक्षेत अडकला. कामातून गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'डिस्कव्हरी' यानातून गेलेल्या अंतराळवीरांनी यानाबाहेर तरंगत त्याला हातांनी धरलं आणि पृथ्वीवर परत आणलं. 'विकणे आहे' असा फलक हातात धरून काढलेला त्यांचा फोटो प्रसिद्ध आहे.

तो खरंच विकला गेला. डागडुजी झाली, नाव बदललं आणि ७ एप्रिल १९९० ला चीनच्या 'लाँग मार्च-३' रॉकेटने त्याला पुन्हा वर नेलं. त्याच्यावर २४ ट्रान्सपाँडर होते. ट्रान्सपाँडर म्हणजे जमिनीवरून आलेली लहर घेऊन पुन्हा खाली सोडणारं उपकरण. त्या काळात एका ट्रान्सपाँडरवर साधारण एक वाहिनी मावायची. उपग्रहाच्या एका झोताचं तोंड चीनच्या बाजूला आणि दुसऱ्याचं दक्षिणेकडे. दुसऱ्या झोताच्या टापूत भारत आला. थोडक्यात, अंतराळातून परत आणलेल्या, दुरुस्त केलेल्या सेकंडहँड मालावर भारतातला पहिला खासगी हिंदी टीव्ही दिसला. जुगाड हा शब्द फक्त आपल्यालाच लागू नाही.

आणि झी

१९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध सुरू झालं आणि मोठ्या शहरांतल्या पंचतारांकित हॉटेलांमध्ये लोकांनी सीएनएनवर युद्ध थेट पाहिलं. उपग्रहावरून परदेशी टीव्ही दिसतो, हे त्यातून पुष्कळांना कळलं. त्याच वर्षी हाँगकाँगच्या ली का-शिंग यांच्या घराण्याने स्टार टीव्ही सुरू केला: बीबीसी, एमटीव्ही, खेळ, इंग्रजी मालिका. चित्र झकास, पण भाषा इंग्रजी. गंगाखेड किंवा उमरग्यात ते किती जण बघणार?

ही रिकामी जागा सुभाष चंद्रा यांनी हेरली. माणूस हरियाणातल्या हिसारचा, तांदळाच्या व्यापारातून वर आलेला. टूथपेस्ट वगैरेच्या ट्यूबा बनवायचा कारखाना काढलेला, मुंबईत एस्सेलवर्ल्ड हे करमणूक उद्यान उभारलेलं. टीव्हीचा अनुभव शून्य. त्यांनी त्याच एशियासॅटवर जागा भाड्याने घेतली आणि २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाला, मुंबई दूरदर्शनला बरोबर वीस वर्षं झाली त्या दिवशी. सुरुवातीला दिवसातून काही तासच कार्यक्रम असायचे.

कार्यक्रम बनायचे मुंबईत. पण भारताच्या जमिनीवरून उपग्रहाकडे लहर पाठवायला खासगी कंपनीला मनाई होती. म्हणून टेपा विमानाने हाँगकाँगला जायच्या आणि तिथून वर सोडल्या जायच्या. अंधेरीत चित्रित झालेली अंताक्षरी परळीत पोचायची ती हाँगकाँग आणि ३६ हजार किलोमीटर उंचीचा फेरा करून.

पैसा यायचा जाहिरातींतून. बघणाऱ्याकडून झी काही घेत नव्हतं. वर्षभरात धंद्याचा वास जगभर गेला. जुलै १९९३ मध्ये रूपर्ट मर्डोक यांनी ५२.५ कोटी डॉलर देऊन स्टारमधला ६३.६ टक्के हिस्सा उचलला. तमिळमध्ये सन आणि मल्याळममध्ये एशियानेटही १९९३ मध्येच आले.

बेकायदा होतं, तर सरकारने छत्र्या उतरवल्या का नाहीत?

हा आक्षेप बरोबर आहे. पाठवणारा परदेशात म्हणून सुटला, तरी गल्लीतला केबलवाला इथलाच होता. राजस्थान उच्च न्यायालयाने १९९३ मध्ये म्हटलंही, की केबलचं जाळं तार कायद्याच्या कक्षेत येतं आणि त्याला परवाना लागतो. म्हणजे देशभरातले केबलवाले विनापरवाना ठरले.

पण तोपर्यंत फार उशीर झाला होता. गल्लोगल्ली जोडण्या होत्या, पुढारी आणि अधिकारी यांच्या घरीही होत्या. १९९१ मध्ये अर्थव्यवस्था खुली केली आणि लगेच घराघरातल्या वायरी कापल्या, असं कुठल्याही सरकारला परवडलं नसतं. शेवटी २९ सप्टेंबर १९९४ ला अध्यादेश आला आणि १९९५ मध्ये केबल टीव्ही कायदा. त्यात केबलवाल्याची नोंदणी कुठे करायची ठरवलं, माहीत आहे? मुख्य टपाल कार्यालयात. जिथे मनीऑर्डर आणि बचतपत्रं, तिथेच केबलवाल्याचा अर्ज आणि वर्षाला ५०० रुपये फी. जो धंदा वाढला तेव्हा त्याच्यासाठी कायदा नव्हता, तो असा टपाल खात्याच्या खिडकीतून कायदेशीर झाला. पाठोपाठ जिल्हाधिकारी कार्यालयाची करमणूक कर शाखाही आपला वाटा मोजायला हजर होतीच.

१९९५ च्याच फेब्रुवारीत, ९ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. वाद होता १९९३ च्या हिरो कप क्रिकेट स्पर्धेचा: बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला विकले आणि सरकारशी तंटा झाला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने सांगितलं, की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यावर सरकारची मक्तेदारी नको, स्वतंत्र सार्वजनिक यंत्रणेचं नियंत्रण हवं. निकालातलं पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. 'स्वतंत्र यंत्रणा' हा भाग मात्र सोयीस्करपणे मागे पडला, आणि त्याची किंमत आपण अजून मोजतोय असं मला वाटतं. भारतातून थेट उपग्रहाकडे पाठवायची मुभा खासगी कंपन्यांना मिळाली ती २००० च्या सुमारास, तेव्हा कुठे टेपांचा विमानप्रवास संपला.

मराठवाड्यातली पहिली खासगी वाहिनी कोणती?

माझ्या मते झी नव्हे. ती केबलवाल्याच्या स्वतःच्या खोलीतली होती.

छत्री लावायच्या आधीपासून कित्येक केबलवाल्यांकडे एक व्हीसीआर, म्हणजे व्हिडिओ कॅसेट चालवायचं यंत्र, आणि मोड्युलेटर होता. पूर्वीचं व्हिडिओ सेंटर, तेच आता वायरीने घरात आलेलं. रात्री नऊला नवा पिक्चर. खाली पट्टी सरकते: साड्यांचा सेल, नवीन दवाखाना, हरवलेली म्हैस. गणेश विसर्जन, एखाद्या बड्या घरचं लग्न, नगरपालिकेची मतमोजणी, सगळं एका कॅमेऱ्यावर. परवाना नाही, पिक्चरचे हक्क तर अजिबात नाहीत. चोरीच ती, गोड बोलून उपयोग नाही. पण स्वतःचा गाव टीव्हीवर दिसणं हे दूरदर्शनने कधी दिलं नव्हतं आणि झीलाही देता येणार नव्हतं. लोक महिन्याचे पैसे द्यायला तयार झाले ते निम्मे यासाठी. 'दूरदर्शन फुकट असताना पैसे कोण देईल' म्हणणाऱ्यांना हेच उमगलं नाही.

आणखी एक गोष्ट शहरातल्या लेखकांच्या ध्यानात येत नाही: वीज. वायर लांब गेली की लहर क्षीण होते, म्हणून दर काही घरांनंतर ॲम्प्लीफायर लागतो. तो चालायला वीज हवी, ती घ्यायची कुणाच्या तरी घरातून. ज्या घराने प्लग दिला त्याला कनेक्शन फुकट. आणि त्या घराचा फ्यूज उडाला की पुढची गल्ली अंधारात. भारनियमनाच्या दिवसांत तर तुमच्या भागात वीज असून भागत नव्हतं, केबलवाल्याकडे आणि मधल्या प्रत्येक ॲम्प्लीफायरकडेही असायला लागायची.

गंमत म्हणजे टीव्हीचे संच मात्र घरचे होते. औरंगाबाद-पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. डबा पैठण तालुक्यातला, चित्र हाँगकाँगचं.

आपली मराठी कधी आली?

उपग्रहावर मराठी आधी दूरदर्शननेच आणली, १५ ऑगस्ट १९९४ ला. पुढे तिचं नाव सह्याद्री झालं. झीची अल्फा मराठी १५ ऑगस्ट १९९९ ला आली, आज ती झी मराठी. जुलै २००० मध्ये ईटीव्ही मराठी आली, तीही मुंबईतून नाही, हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या आणि मुंबईपेक्षा हैदराबाद निम्म्या अंतरावर असलेल्या नांदेडकरांना यात नवल वाटायचं कारण नव्हतं. जिल्ह्याच्या बातम्या दाखवण्यावर तिचा भर होता, आणि इकडच्या घरांत ती लवकर रुजली त्याचं ते एक कारण.

मात्र गावातला माणूस काय बघतो, याची कुणाला पडलेली नव्हती. टीआरपी मोजणारी यंत्रं शहरांतच बसवलेली. ग्रामीण भागाचे आकडे बार्क या संस्थेने ऑक्टोबर २०१५ पासून द्यायला सुरुवात केली. म्हणजे पहिली वीसेक वर्षं सेनगाव किंवा भूमच्या खेड्यातल्या प्रेक्षकाच्या आवडीला टीआरपीत जागाच नव्हती. मालिकांतली घरं पुण्या-मुंबईची का, याचं थोडं उत्तर यात आहे.

मग बिल असं का?

आता मुद्द्यावर येऊ. जुनी केबल ॲनालॉग होती: वायर जोडली की जे सोडलंय ते सगळं दिसणार. कोण काय बघतो, इतकंच काय, घरं किती जोडलीत, हेही वरून कळायला मार्ग नव्हता. वाहिन्या फुकट होत्या तोवर चाललं. मग त्या पैसे मागू लागल्या. केबलवाला सांगेल तितकी घरं धरायची. तो कमी सांगायचा. वाहिनीवाले ते ओळखून दर वाढवायचे. सरकारचा करही त्याच आकड्यावर. तिघेही एकमेकांवर अविश्वास ठेवून हिशेब करायचे.

उलट्या दिशेनेही पैसा वाहायचा. जुन्या संचांवर वाहिन्या लावून ठेवायला आठ-बारा बटणंच असायची. पुढच्या क्रमांकावर फेकली गेलेली वाहिनी अशा घरांत दिसतच नसे. मग चांगल्या क्रमांकासाठी वाहिनीच केबल कंपनीला, म्हणजे गल्लीतल्या केबलवाल्यांना वाहिन्या पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीला, पैसे द्यायची. प्रेक्षक एका बाजूने देतोय, वाहिनी दुसऱ्या बाजूने.

यावर उपाय म्हणून सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला: ३१ ऑक्टोबर २०१२ ला चार महानगरांत, ३१ मार्च २०१३ ला पुढच्या ३८ शहरांत, ज्यांत औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) होतं. बाकी शहरं आणि गावं २०१७ पर्यंत. बॉक्स म्हणजे मुळात मोजणीचं यंत्र. चित्र सुधारलं हा जोडलाभ.

'बॉक्स आल्यावर बिल कमी होणार होतं ना?' होणार होतं, म्हणत होते. फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, याने बिलाचे दोन भाग केले. पहिला भाग वायरीचं भाडं: तेव्हा १०० वाहिन्यांपर्यंत कमाल १३० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. वेगळा करार नसेल तर यातला ५५ टक्के वाटा मोठ्या केबल कंपनीचा आणि ४५ टक्के तुमच्या गल्लीतल्या केबलवाल्याचा. दुसरा भाग तुम्ही निवडलेल्या पैशांच्या वाहिन्यांचा. पूर्वी १५०-२०० रुपयांत सगळं बघणाऱ्याला एकही पैशाची वाहिनी न घेता दीडशे मोजायला लागले, तेव्हा तो चिडला ते बरोबरच होतं. पण पूर्वीचं 'सगळं' हे न मोजलेल्या, अर्ध्या लपवलेल्या हिशेबावर उभं होतं, हेही खरं.

१३० ची मर्यादा जुलै २०२४ मध्ये काढली गेली, भाडं आता कंपनी ठरवते. तार कायदाही बाजूला सरतोय, त्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय. बदलला नाही तो ग्राहकाचा एक हक्क: वाहिन्या सुट्या घेता येतात, पॅक घ्यायची सक्ती नाही. केबलवाला 'हाच पॅक आहे' म्हणाला तर प्रत्येक वाहिनीचा सुटा दर मागा. तो दर कंपनीला जाहीर करावाच लागतो. आणि महिन्याचं बिलच नको असेल तर दूरदर्शनची फ्री डिश आहे: छत्री आणि बॉक्सचे पैसे एकदाच, मासिक काही नाही. मात्र महागड्या मालिका आणि क्रिकेटचे मोठे सामने तिच्यावर दिसतीलच असं नाही, तेव्हा घरातल्यांना आधी विचारून घ्या.